विषय: हॉब आणि ओट्यामधली फट, तक्रार चौथ्यांदा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या कॉल सेंटरशी 38 मिनिटं बोलून फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. हॉब तुमचा, मापं तुमची, ग्रॅनाइट कापणारा माणूसही तुम्हीच पाठवलेला. तेव्हा हॉब म्हणजे ओटा कापून आत बसवलेली गॅसची शेगडी, इथपासून सांगत बसत नाही.

तुमच्या पुस्तिकेत कटआउट, म्हणजे ओट्यात कापायचं भोक, 560 बाय 480 मिलीमीटर आहे. माझ्या ओट्यावर ते पुढे 560 आणि मागे 582 भरतं. कटर तिरका गेला. वरची काच 590ची, म्हणजे दोन्हीकडे पंधरा-पंधरा मिलीमीटर टेकायला हवी. मागच्या उजव्या कोपऱ्यात ती टेकतच नाही. तिथे 7 मिलीमीटरची फट आहे, चमच्याचा दांडा आरपार जातो. काचेखालची फोमची पट्टी तेवढ्या भागात नुसती लोंबते.

आणि माझं दूध नेमकं त्याच कोपऱ्यातल्या बर्नरवर तापतं. फोडणीतली उडालेली मोहरी, ओटा पुसतानाचं पाणी, सगळं खालच्या चमच्यांच्या ट्रॉलीत. रात्री ट्रॉली बाहेर काढून मोबाइलचा टॉर्च मारला की गॅसच्या केशरी नळीवर दुधाचे वाळलेले ओघळ दिसतात आणि त्यांच्यावरून मुंग्यांची रांग. इग्निशनच्या बॅटरीच्या डबीत दूध शिरलं. आता तुमच्या 'ऑटो' हॉबला मी वीस रुपयांच्या लायटरने पेटवते.

पहिल्या तंत्रज्ञाने फॉइलची चिकटपट्टी लावली, ती दोन दिवसांत सुटून वर आली. दुसरा सिलिकॉन भरायला निघाला. हॉब सिलिकॉनने चिकटवू नका, दुरुस्तीला निघणार नाही, असं तुमच्याच पुस्तिकेत छापलंय. दाखवलं, तर म्हणाला, "पुस्तिका कोण वाचतं मॅडम?"

आता आजचा फोन. शब्द न् शब्द देते, रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच.

"मॅडम, फटीमुळे नक्की प्रॉब्लेम काय होतो?"
"दूध उतू गेलं की खाली गळतं."
"मग मॅडम, दूध उतू जातं कशामुळे?"
मी गप्प. याला काय सांगू?
"तुम्ही गॅस मंद ठेवून थोडं लक्ष दिलंत, तर उतू जाणारच नाही ना. बॅटरीचं म्हणाल, तर आत द्रव गेल्यावर वॉरंटी लागू होत नाही. तक्रार बंद करू का?"

अठ्ठावीस वर्षं स्वयंपाक करतेय. दूध उतू जातं हे तुमच्या कंपनीला माझ्याकडून कळलं असेल, तर सल्ल्याची फी कुठे पाठवता तेही कळवा. फोनवरच्या मुलाचा राग नाही, त्याच्यापुढे जे लिहून ठेवलंय तेच तो वाचणार. ते लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी पातेल्यापाशी उभं राहावं.

ग्रॅनाइट म्हणजे कणीक नव्हे, कमी पडली की गोळा जोडला. कापलं ते कापलं. आणि कापणारा माणूस तुमचाच होता, हे पुन्हा लिहिते कारण तिन्ही वेळा "तुमच्या सुताराला विचारा" असं ऐकलंय. ओट्याला सुतार लागत नाही हो.

उजवीकडचा ग्रॅनाइटचा तुकडा तुमच्या खर्चाने बदला, बॅटरीची डबी बदला आणि नळीची जोडणी तपासून द्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर त्याच ट्रॉलीत साठेल. सात दिवस थांबते. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915वर, फोन आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. वस्तूला मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, चौकशी करून ठेवलीय.

आईकडे स्टीलची दोन बर्नरची शेगडी होती, तुमच्याच कंपनीची. दूध उतू गेलं की ती शेगडी उचलायची, खालून फडकं मारायची, संपलं. तिच्यामुळे तुमचं नाव बघून हॉब घेतला.

एक त्रस्त ग्राहक, ठाणे

ता. क. फोटो जोडले आहेत. तिसऱ्यात फटीत उभा दिसतो तो चमचा. तंत्रज्ञ येईल तेव्हा आतला दुसरा चमचाही काढून द्यावा, तो परवा पडला.