गल्लीत डर्ट बाइक नको

संपादक महोदय,

दिवाळीपासून आमच्या गॅरेजात ४९ सीसीच्या छोट्या डर्ट बाइक, म्हणजे मातीत-रानात चालवायच्या पोरांच्या मोटरसायकली, येऊ लागल्या आहेत. दोरी ओढून सुरू होणाऱ्या, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं त्या. आईबाप खेळणं म्हणून घेतात, पण मोकळ्या रानात ही गाडी ताशी ४० किमी सहज गाठते. ११० सीसीची तर ८०च्या आसपास जाते!

यामाहाच्या पीडब्ल्यू ५० या पोरांच्या डर्ट बाइकमध्ये थ्रॉटल (रेस) पुरता उघडू नये म्हणून स्क्रू असतो. तो आधी आवळायचा, पोराचा हात बसला की थोडाथोडा सैल करायचा. स्वस्तातल्या गाडीत अशी सोय आहे का, हे विकत घेतानाच बघा. पीडब्ल्यू ५० ची सीट जेमतेम दीड फुटावर, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या पोराला ठीक. बारा वर्षांच्या मुलाचे गुडघे हँडलला लागतात, मग वळणार कसा?

या गाड्यांना ना दिवे, ना नंबर प्लेट. त्या स्वतःच्या शेतातच चालवायच्या. रस्त्यावर अल्पवयीन पोराने गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि हो, सायकलचं हेल्मेट इथे चालत नाही.

– एक दुचाकी मेकॅनिक, नाशिक