शिकाऊ लायसन्सचे ते तीस दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर पक्क्या लायसन्सच्या चाचणीला किमान ३० दिवस थांबावं लागतं. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, म्हणजे सरावाला भरपूर वेळ असतो. तरीही बहुतेक घरांत हे दिवस नुसते मोजले जातात आणि चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मुलगा मैदानावर आठचा आकडा गिरवून येतो. या काळात मुलाने किती तास आणि कुठे गाडी चालवली याची नोंद सक्तीची करावी, यासाठी हे पत्र.

आधी सोळाव्या वर्षाचा गैरसमज. मोटार वाहन कायदा (१९८८) सोळा पूर्ण झालेल्यांना ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचंच लायसन्स देतो, तेही पालकांच्या लेखी संमतीने. घराघरांतल्या स्कूटर मात्र ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. त्यामुळे अकरावीतली मुलगी ‘माझ्याकडे लर्निंग आहे’ म्हणत तीच स्कूटर क्लासला नेते, तेव्हा ती कायद्याने विनापरवानाच असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. किल्ली देताना हे किती पालकांना माहीत असतं?

आता आठच्या आकड्याबद्दल. पाय न टेकता आठ काढणं सोपं नाही, तोल आणि अॅक्सिलरेटरवरचा ताबा त्यात नक्की कळतो. पण तो चालण्याच्या वेगाने काढतात. त्यात जोराचा ब्रेक नाही, चौक नाही, मागून येणारी बस नाही. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक ब्रेकचीच असते. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून ते फक्त मागचा दाबतात. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर जातो, मागचं चाक हलकं होऊन घसरतं आणि गाडी थांबायला हवी त्यापेक्षा खूप पुढे जाते. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू जोर वाढवत दाबायचे असतात. बारीक खडीवर किंवा वळणात मात्र पुढचा ब्रेक झटक्याने धरला की चाक निसटतं. हा फरक हाताला कळायला मोकळ्या मैदानात ताशी २० आणि मग ३० किलोमीटरवरून पंचवीस-तीस वेळा थांबून पाहावं लागतं. ताशी ५० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते, म्हणजे ब्रेककडे हात जाईपर्यंतच एवढं अंतर कापलेलं असतं.

नोंदीची कल्पना नवी नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात पंचविशीच्या आतल्या शिकाऊ कारचालकाला साधारणपणे १२० तासांची नोंदवही भरावी लागते, त्यातले २० तास रात्रीचे. कॅलिफोर्नियात अठराच्या आतल्या मुलांना सहा महिने शिकाऊ परवान्यावर ५० तास चालवावं लागतं, त्यातले १० रात्रीचे. लायसन्स मिळाल्यावरही पहिलं वर्षभर रात्री ११ ते पहाटे ५ एकट्याने चालवायला आणि मित्रांना गाडीत घ्यायला मनाई असते. आपल्याकडे मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या अभ्यासक्रमात हलक्या वाहनासाठी किमान दहा तास प्रत्यक्ष चालवणं आहे, पण घरी शिकणाऱ्याला तेवढीही अट नाही. दुचाकी तर बहुतेक सगळे घरीच शिकतात.

आपल्याकडे १२० तास मागणं अव्यवहार्य होईल. दुचाकीला २० आणि कारला ३० तास पुरेत. त्यातले निदान चार तास अंधार पडल्यावरचे हवेत, कारण समोरच्या दिव्यांनी डोळे दिपल्यावर काय करायचं हे दिवसा शिकता येत नाही. दोन तास भर गर्दीतल्या चौकांचे, आणि जमल्यास एखादा पावसातला. कारमध्ये शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवीच, तो नियम आजही आहे. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. कोपऱ्यात चिकटवलेला छोटा स्टिकर चालत नाही. दुचाकीवर शिकवणाऱ्याखेरीज कोणाला मागे बसवायचं नाही, हेही बहुतेकांना ठाऊक नसतं.

खोट्या नोंदी होतील, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे चाचणीत मैदानाबाहेरची दहा मिनिटं. सिग्नल असलेला एक चौक, एक उजवं वळण, एक अचानक थांबणं. तीस तास चालवलेला आणि तीन तास चालवलेला मुलगा पहिल्या उजव्या वळणालाच वेगळा कळतो. एक आरशात बघून, इंडिकेटर देऊन, मान वळवून मग वळतो, तर दुसरा आधी वळतो.

नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते, तीनदा नापास झाल्यास ६० दिवस थांबावं लागतं. पालकांनी याला नामुष्की मानून एजंट गाठू नये. त्या सात दिवसांत जे चुकलं तेवढंच रोज अर्धा तास करून घ्यावं. परिवहन विभागाने नोंदीचा एक पानी नमुना शिकाऊ लायसन्ससोबतच द्यावा आणि चाचणीच्या दिवशी तो पाहिल्याशिवाय मुलाला गाडीवर बसू देऊ नये, ही विनंती.

आपले,
काही वाहन प्रशिक्षक