सहज शिरतं म्हणे

संपादक महाशय, नमस्कार.

कालच्या विज्ञान पानावरचा तो नॅनोजेलवाला, म्हणजे औषध भरलेल्या अतिसूक्ष्म जेलकणांवरचा लेख वाचला आणि डोकंच फिरलं. 'औषध सहज त्वचेत शिरणार', केवढ्या मोठ्या अक्षरात छापलंत! अहो, बाहेरचं आत येऊ नये म्हणूनच तर कातडी असते ना. वरचा मेलेल्या पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा, पण ५०० डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) वरचा रेणू तिथेच सहसा अडतो, आणि हे पाणी पिऊन फुगलेले जेलचे कण तर त्याच्या कितीतरी पट मोठे, ते काय अख्खे आत घुसतात होय? बरेचसे वरच नाहीतर केसांच्या मुळाशी बसतात आणि तिथून औषध हळूहळू सोडतात. खरी गंमत या हळूहळूत आहे, ती लेखकाने एका ओळीत उरकली. कोळंबीच्या सालांतून जेलसाठी लागणारं कायटोसान काढतात त्यावर मात्र अख्खा परिच्छेद. भाऊच्या धक्क्यावर या म्हणावं, पाटीभर सालं मिळतील.

मला एवढं लागलं का ते सांगते. गेल्या पावसाळ्यात मामंजींच्या जांघेत गजकर्ण झालं. एवढ्याशासाठी डॉक्टर कशाला, म्हणून स्टेशनबाहेरच्या केमिस्टकडून ट्यूब आणली, त्याने ना चिठ्ठी मागितली ना काही विचारलं. दोन दिवसांत खाज गायब, मामंजी खूश, ट्यूब संपली की कात्रीने उभी कापून आतलं बोटाने निपटून लावायचे. दीड महिन्यात गजकर्ण पोटावर चढलं आणि जांघेतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, खालच्या शिरा दिसायला लागल्या. भिंग घेऊन ट्यूबवरचं वाचलं तर क्लोबेटासॉल, म्हणजे स्टेरॉईड, खाज दाबणारं पण बुरशीला मोकळं रान देणारं आणि कातडी पातळ करणारं. ते बरं शिरलं सहज, त्याला नॅनोबिनो काही लागलं नाही! ही मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम सरकारने २०१८ मध्येच कडक केलाय, पण काउंटरवर कोण बघतंय.

उद्या तुमचं ते जेल आलं तरी याच काउंटरवर येणार ना? त्याबद्दल लेखात एक अक्षर नाही. खाली मात्र 'नॅनो' गोरेपणाच्या क्रीमची पाव पान जाहिरात, योगायोगच असणार म्हणा.

आणि ते भिंग आता शब्दकोड्यालाही लागतं, तेवढी अक्षरं जरा मोठी करा.

आपली रोजची वाचक,
लालबाग, मुंबई