थेट पंतप्रधान? आधी थेट सरपंच बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘सरपंच थेट निवडतो, मग पंतप्रधान का नको?’ असं आमच्याकडे पारावर बोललं जातं. थेट सरपंचाच्या काळात मी ग्रामपंचायत सदस्य होते, म्हणून लिहिते.

सरपंच एका पॅनेलचे, सदस्यांत बहुमत आमच्या पॅनेलचं. पाणीपुरवठ्याची मोटार जळाली तर दुरुस्तीचा विषय मासिक सभेत तीनदा आला आणि तीनदा लटकला. सरपंच म्हणायचे, मला गावानं निवडलंय. आम्ही म्हणायचो, आम्हाला काय शेजारच्या गावानं निवडलंय? दोघांचंही खरं, आणि बायका हंडे घेऊन विहिरीवर. अविश्वास आणावा तर तीन चतुर्थांश सदस्य पाहिजेत, वर ग्रामसभेचं शिक्कामोर्तब.

दिल्लीत अशी कोंडी होत नाही, कारण पंतप्रधानाचं बटण मशीनवर नसतंच. कोरेगाव, वाई, पाटण, सातारा आणि कराडचे दोन, अशा सहा विधानसभा मतदारसंघांचा मिळून आपण एक खासदार पाठवतो. (फलटण-माणवाले जिल्ह्यात आपले, पण मत माढ्याला देतात.) असे खासदार 543. निम्म्याहून जास्त, म्हणजे 272 जण ज्याच्या पाठीशी, तो पंतप्रधान. ते हलले की खुर्ची हलली. 1999 च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार 269 विरुद्ध 270 असं एका मतानं पडलं.

1979 मध्ये तर साताऱ्याच्या खासदारानंच, यशवंतराव चव्हाणांनी, मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वास ठराव आणला. मोरारजींनी राजीनामा दिला, आणि त्याच जुलैत यशवंतराव चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले. मध्ये निवडणूक नाही, काही नाही. चरणसिंगांचं ते सरकार लोकसभेला तोंड न दाखवताच गेलं, हे मात्र मला आजही पटत नाही.

तरी प्रचारात काय ऐकायचं? ‘वरच्याकडे बघून मत द्या.’ मग खालच्याला विचारायचं कुणी? व्हिप, म्हणजे अमुक बाजूनं मत द्या असा पक्षाचा आदेश, निघाला की खासदाराचे हात बांधलेले असतात, मान्य; पण प्रश्न विचारायला आणि सभागृहात हजर राहायला व्हिप आडवा येत नाही.

आपल्या दैनिकानं दर अधिवेशनानंतर साताऱ्याच्या आणि माढ्याच्या खासदारांची हजेरी आणि त्यांनी विचारलेले प्रश्न छापावेत, ही विनंती. माहिती लोकसभेच्या संकेतस्थळावर असते. पहिल्या पानावर नको, बाजारभावाशेजारी छापा. ते पान आमच्याकडे सगळे वाचतात.

– एक माजी ग्रामपंचायत सदस्या, ता. कोरेगाव, जि. सातारा