उखडलेला दात दुधात घालून पाठवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

तुमच्या शाळेतल्या 11 वर्षांच्या मुलाचा वरचा पटाशीचा दात मैदानावर मुळासकट निखळला, आणि आमच्याकडे पोहोचला तो दुधात बुडलेला. मुलाचे आईवडील आमचे आभार मानून गेले. त्यातला मोठा वाटा तुमचा आहे. तो का, हे नीट सांगायला हवं, आणि इतर शिक्षकांच्याही नजरेस पडावं म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत.

दात म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो वरचा चकचकीत भाग. त्यावर इनॅमल असतं. वजनाच्या साधारण 96 टक्के खनिज, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, आणि त्यात जिवंत पेशी एकही नाही. इनॅमलच्या आत डेंटिन आणि मधोमध रक्तवाहिन्या व नसांचा पल्प. दात निखळला की पल्पचा रक्तपुरवठा मुळाच्या टोकाशी तुटतो. या वयात पटाशीच्या दाताच्या मुळाचं टोक बहुधा बंद झालेलं असतं, त्यामुळे तो पुरवठा पुन्हा जुळेल अशी आशा धरता येत नाही. त्याचं फार दुःख नको. दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू केलं की पल्पवाचूनही दात टिकतो.

खरी काळजी मुळाच्या बाहेरच्या अंगाची. मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. मुळावर सिमेंटमचा लेप, समोर हाडाची खोबण, आणि दोहोंच्या मधे सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीचं पेरिओडॉन्टल लिगामेंट. त्याच्या तंतूंचं एक टोक सिमेंटममध्ये रुतलेलं, दुसरं हाडात. चावताना येणारा दाब ते झेलतं. घासात खडा आला की जबडा चटकन थांबतो, तोही बराचसा त्यातल्या नसांमुळे. दात निखळताना हे लिगामेंट मधोमध फाटतं. थोडं खोबणीत राहतं, थोडं मुळाला चिकटून बाहेर येतं. तुम्ही दात उचललात तेव्हा मुळावर जो ओलसर, लालसर पापुद्रा दिसला असेल तो हाच. बहुतेकांना ती घाण वाटते. मग ते साबणाने चोळतात, नखाने खरवडतात, स्वच्छ केल्याच्या समाधानात रुमालात गुंडाळून घेऊन येतात. तोवर वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

तुम्ही दात वरच्या पांढऱ्या भागाला धरलात, मुळाला बोट लावलं नाहीत, माती थंड दुधाने अलगद विसळलीत आणि दात दुधातच ठेवलात. उघड्या हवेत या पापुद्र्यातल्या जिवंत पेशी भराभर सुकतात. 15 मिनिटांच्या आत दात जागेवर गेला तर त्या बहुधा तगतात; 60 मिनिटं कोरडा राहिला तर मेल्या असंच धरून चालावं लागतं. पाण्यात ठेवला तरी कोरड्यापेक्षा बरं, पण पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने पेशी फुगून फुटतात. दुधातल्या क्षारांचं प्रमाण शरीरातल्या द्रवाच्या जवळपासचं असतं, म्हणून त्यात त्या तग धरतात.

हा थर मेला असता तरी आम्ही दात बसवला असता, आणि तो घट्टही बसला असता. किंबहुना अवाजवी घट्ट! मधलं लिगामेंट नसलं की हाड थेट मुळाला चिकटतं आणि मूळ हळूहळू खाऊन त्या जागी हाडच भरत जातं. अशा दातावर उपकरणाच्या दांड्याने ठोकलं की धातूवर ठोकल्यासारखा चढा आवाज येतो. वाढत्या वयात तर जबडा पुढे वाढतो आणि हा दात जागच्या जागी अडकून शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसू लागतो.

पुढच्या वेळी याहून उत्तम करता येईल ते असं: मूल शुद्धीवर असेल तर दात विसळून, शेजारच्या दाताकडे बघून दिशा ठरवून, तिथेच खोबणीत हलक्या हाताने सरकवा आणि घडी घातलेला स्वच्छ कपडा दातांत धरायला सांगून इकडे पाठवा. रक्त बघून हात थरथरला तर दूध आहेच. मात्र दुधाचा दात निखळला असेल तर तो परत बसवायचा नाही. खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. मूल 6-7 वर्षांचं असेल तर दात कुठला हे ओळखणं अवघड जातं. तेव्हा तो दुधात घालून पाठवा, ठरवणं आमच्याकडे सोडा.

सध्या तुमच्या विद्यार्थ्याच्या दातावर 0.4 मिलिमीटरची लवचीक तार लावली आहे. ती दोन आठवडे राहील. तार मुद्दाम लवचीक घेतली आहे, कारण दाताला किंचित हलू दिलं तर लिगामेंट चांगलं जुळतं. तोवर मऊ जेवण, मऊ ब्रश आणि दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या चुळा. त्यानंतरही निदान पाच वर्षं अधूनमधून एक्स-रे लागतील.

तुमच्याकडून एकच मदत हवी. या दोन आठवड्यांत अंगाला अंग भिडेल असा खेळ त्याला नको. तो गयावया करेल, तरी बाहेरच बसवा. आणि मैदानात परत घ्याल तेव्हा तोंडात माउथगार्ड आहे का, ते आधी बघा.

मनःपूर्वक आभार.

आपले,
दवाखान्यातील सर्व दंतवैद्य