दोन्ही भोकांत लागणारा टेस्टर

आदरणीय वायरमन काका,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपण आमच्या मिरजेच्या जुन्या घरातील विजेचा बिघाड शोधून दिलात. ‘यात काय एवढं’ म्हणत आपण जिना उतरलात आणि आभाराचे दोन शब्द राहून गेले, म्हणून हे पत्र.

मधल्या खोलीतील बोर्डावरचे काहीच चालत नव्हते, तरी प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टरचा दिवा लागत होता. आपल्याआधी येऊन गेलेल्या कारागिराने दोन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या दोन तारा, एकत्र आल्याचे सांगून सबंध घराचे वायरिंग बदलण्याचा खर्च काढला होता. आपण पक्कड पिशवीतून काढण्याआधीच मला त्या बोर्डावरची सगळी बटणे बंद करायला लावलीत आणि डाव्या भोकातला टेस्टर तत्क्षणी विझला. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, मागे कुठेतरी तुटला आहे, आणि पंख्याचे बटण चालू राहिल्यामुळे त्याच्या वाइंडिंगमधून, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांतून, फेजच त्या तारेत उतरत आहे, हे आपण तेव्हा सांगितलेत. मग टेस्ट लॅम्पची एक तार उजव्या भोकात आणि दुसरी हॉलच्या बोर्डावरून ओढून आणलेल्या न्यूट्रलला लावताच दिवा लख्ख पेटला, म्हणजे फेज शाबूत होता, तुटला होता तो न्यूट्रलच. अर्धी लढाई तिथेच संपली होती. पुढे हॉलच्या बोर्डामागे नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा सापडला. टेप कडक होऊन तडकली होती आणि आतले तांबे काळे पडले होते.

त्याला हात लावण्यापूर्वी आपण टेस्टर आधी चालू प्लगात लावून तोच ठीक असल्याची खात्री केलीत, मग मेन बंद केलात आणि पुन्हा प्रत्येक तार तपासलीत. इतकी वर्षे मी टेस्टर विझला की वीज नाही, असे धरून चालत आलो होतो!

मात्र माझे खरे आभार बोळातल्या दिव्यासाठी आहेत. बटण बंद केल्यावरही तो एलईडी रात्रभर मंद मिणमिणत असे आणि आम्ही दोष बल्बला देत होतो. आपण बटण बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावलात, तो लागला. बटण फेजवर न बसवता न्यूट्रलवर बसवले होते, म्हणजे दिवा जवळजवळ विझत असे, पण होल्डरात २३० व्होल्ट तसेच राहत. आमची आई बटण बंद आहे एवढ्या भरवशावर लोखंडी स्टुलावर अनवाणी चढून तो बल्ब बदलत आली आहे. आपण मेन बंद करून तारांची अदलाबदल केलीत तेव्हा ती दारातच उभी होती. त्यानंतर बराच वेळ ती काही बोलली नाही.

सांध्याचा कापलेला काळा तुकडा मी जपून ठेवला आहे. माजघरातील १६ अँपिअरच्या प्लगाला अर्थिंगच नसल्याचे आपण जाता जाता सांगितलेत; ते काम सवडीने करून द्यावे, आणि या खेपेला चहा घेतल्याशिवाय आई आपल्याला जिना उतरू देणार नाही.

आपला कृतज्ञ,
मधल्या आळीतील एक घरमालक