मुंबई दूरदर्शनचा इतिहास आणि जुन्या अंकांतला एक रकाना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई दूरदर्शन केंद्राच्या जुन्या दिवसांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. तरीही त्यातल्या दोन-तीन गोष्टी दुरुस्त करणे आवश्यक वाटते, कारण असे लेख पुढे संदर्भ म्हणून वापरले जातात आणि एकदा छापलेली चूक वर्षानुवर्षे तशीच पुढे जात राहते. शिवाय केंद्राच्या जुन्या कार्यक्रमांची नोंद करण्यासाठी आपल्या जुन्या अंकांबाबत एक विनंतीही करायची आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, लेखात तसे धरले असले तरी, सह्याद्री वाहिनी आणि मुंबई केंद्र एकच नव्हेत. केंद्र सुरू झाले ते 2 ऑक्टोबर 1972 रोजी, वरळीला. त्याआधी देशात दूरचित्रवाणी होती ती फक्त दिल्लीत, आणि तिथेही 15 सप्टेंबर 1959 रोजी ती केवळ प्रयोग म्हणून सुरू झाली होती. म्हणजे दुसऱ्या शहराला तब्बल तेरा वर्षे वाट पाहावी लागली. शिवाय 1972 साली दूरचित्रवाणी हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. 1 एप्रिल 1976 रोजी तो वेगळा झाला आणि दूरदर्शन ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. उपग्रहावरून महाराष्ट्रभर दिसणारी मराठी वाहिनी 1994 साली आली आणि तिला सह्याद्री हे नाव मिळाले 2000 साली. या चारही टप्प्यांना सरसकट 'सह्याद्रीचा सुवर्णकाळ' म्हटले की कोणत्या काळाबद्दल बोलणे चालले आहे तेच कळेनासे होते.

दुसरी दुरुस्ती 'रामायण' मालिकेविषयी आहे. 1987 साली सुरू झालेली ती मालिका दिल्लीहून देशभर प्रक्षेपित होत असे. आपण ती मुंबईच्या मनोऱ्यावरून पाहिली एवढाच तिचा वरळीशी संबंध. लेखकाने तिला मुंबई केंद्राच्या कार्यक्रमांत बसवले आहे आणि केंद्राच्या स्वतःच्या 'ज्ञानदीप' या कार्यक्रमाला मात्र अर्धे वाक्यही दिलेले नाही, याचे मला खरोखर वाईट वाटले.

आकाशानंदांचा ज्ञानदीप हा कार्यक्रम मुंबई केंद्राने केलेल्या सर्वांत वेगळ्या कामांपैकी एक होता. तो पाहणाऱ्यांनी गावोगावी ज्ञानदीप मंडळे स्थापन केली. कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षक उठून काहीतरी करू लागतात, हे त्या काळी नवे होते, आणि खरे सांगायचे तर आजही नवेच आहे. 'आमची माती आमची माणसं' या शेतीविषयक कार्यक्रमाचेही तसेच. प्रक्षेपणाचा मनोरा भर मुंबईत, समोरचा प्रेक्षक बहुतांशी चाळीतला आणि फ्लॅटमधला, आणि पडद्यावर खतांची मात्रा व फवारणीचे वेळापत्रक, अशी ती गंमत होती. पण प्रक्षेपणाचा पल्ला वाढत गेला तसा त्या कार्यक्रमाला त्याचा खरा प्रेक्षक भेटत गेला.

पल्ला वाढला तो आधी पुण्याच्या दिशेने. सिंहगडावर सहप्रक्षेपण केंद्र झाले आणि 1973 पासून मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. आमच्या पेठेतल्या वाड्यांच्या कौलांवर तेव्हा उभ्या राहिलेल्या सगळ्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असत. कोणी नवखा पाहुणा आला आणि गड कुठल्या बाजूला म्हणून विचारू लागला, तर आम्ही मुले नुसते छपराकडे बोट दाखवायचो. टीव्हीचा परवाना पोस्टात जाऊन काढावा लागे, लाकडी संचाला सरकती दारे असत, आणि शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपटाला आमच्या बैठकीच्या खोलीत जाजमावर इतकी माणसे बसत की घरच्यांना उंबरठ्यावर जागा शोधावी लागे. हे सारे लेखात आले आहे. त्यामुळे अधिक लिहीत नाही.

मात्र एका गोष्टीचा उल्लेख लेखात हवा होता. 15 ऑगस्ट 1982 पासून रंगीत प्रक्षेपणाबरोबर दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीची मोक्याची वेळ स्थानिक केंद्रांच्या हातून गेली. सुहासिनी मुळगावकरांचा 'प्रतिभा आणि प्रतिमा', विनायक चासकरांचा 'गजरा' अशा कार्यक्रमांनी केंद्राला जो स्वतःचा चेहरा दिला होता, तो केंद्राच्या हाती संपूर्ण संध्याकाळ होती म्हणून घडू शकला. खासगी वाहिन्यांमुळे मुंबई केंद्र मागे पडले असे सर्वत्र म्हटले जाते. माझ्या मते त्या वाहिन्या येण्याच्या दहा वर्षे आधीच ही घसरण सुरू झाली होती, आणि तिचे कारण दिल्लीत होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे यांचे बातम्या वाचतानाचे चेहरे आम्हाला आठवतात. पण त्या पहिल्या वर्षांतले किती प्रक्षेपण आज प्रत्यक्ष पाहायला मिळते? फारच थोडे. त्यामागे निव्वळ हलगर्जी होती असे मी म्हणणार नाही. बातमीची दृश्ये 16 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित होत आणि ती धुऊन, तुकडे जोडून प्रक्षेपणाला तयार करावी लागत. स्टुडिओतल्या मुद्रणासाठी लागणाऱ्या दोन इंच रुंदीच्या फिती महाग होत्या, त्यामुळे एक कार्यक्रम दाखवून झाला की तीच फीत पुसून दुसऱ्यासाठी वापरली जाई. जगभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांत त्या काळी हेच घडले. पुष्कळ कार्यक्रम तर थेट प्रक्षेपित झाले, त्यामुळे ते मुळात मुद्रितच झाले नाहीत. चिं. वि. जोशींच्या लेखनावर आधारलेली आणि विजया जोगळेकर-धुमाळे यांनी दिग्दर्शित केलेली चिमणरावाची मालिका घराघरांत पाहिली गेली, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची जोडी लोकांच्या तोंडी बसली, पण तिचेही मोजकेच भाग आज पाहायला मिळतात.

जे वाचले आहे ते अलीकडे इंटरनेटवर तुकड्यातुकड्यांनी येऊ लागले आहे आणि त्याबद्दल संबंधितांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु मी पाहिलेल्या कित्येक तुकड्यांखाली प्रक्षेपणाची तारीख नव्हती, निर्मात्याचे नाव नव्हते, कॅमेरा, प्रकाशयोजना आणि नेपथ्य करणाऱ्यांचा तर प्रश्नच नव्हता. तारखेवाचून आठवण होते, इतिहास होत नाही.

ही तारीख कुठे मिळेल? माझे उत्तर असे की ती आपल्याकडे आहे. त्या काळी वृत्तपत्रांत रोज दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांचा छोटा रकाना छापून येत असे: किती वाजता काय, आणि पुष्कळदा सहभागी कलावंत कोण, हेही त्यात असे. फिती पुसल्या गेल्या तरी हा रकाना जुन्या अंकांत शाबूत आहे. तो 1972 पासून क्रमाने उतरवून काढला, तर कोणता कार्यक्रम केव्हा सुरू झाला, केव्हा बंद पडला, 1982 नंतर मराठी कार्यक्रमांचे तास किती उरले, हे सारे अंदाजाऐवजी आकड्यांत सांगता येईल. या साधनाला मर्यादा आहेत हे मान्य. रकान्यात जे ठरले होते ते छापले जाई, जे झाले ते नव्हे; राष्ट्रीय दुखवटा असला की सगळे कार्यक्रम बदलत, आणि 'व्यत्यय' या पाटीपुढे आम्ही किती वेळ बसून राहिलो याची नोंद कुठल्याच अंकात सापडायची नाही.

म्हणून विनंती अशी की, 1972 ते 1994 या काळातले आपल्या दैनिकाचे जुने अंक आठवड्यातून एखादा दिवस आम्हाला पाहू द्यावेत. आम्ही तिघे-चौघे सेवानिवृत्त स्नेही आहोत. उतरवून घेण्याचे काम विनामोबदला आम्हीच करू आणि तयार झालेल्या यादीची पहिली प्रत आपल्या ग्रंथालयाला देऊ. अंक जीर्ण झाले असतील तर हात लावण्यापूर्वी आपल्या ग्रंथपालांच्या सूचना पाळू. सुरुवात ऑक्टोबर 1972 च्या पहिल्या आठवड्यापासून करावी, असा विचार आहे.

आपला,
एक जुना वाचक,
पुणे